मांजराचं पाकीट

११ नोव्हेंबर

ताईस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकली असशील. कुणी गेलेलं नाही. आपल्यात आता जायला तसं कुणी उरलेलंही नाही, मी सोडून, आणि मी गेलो तर ते तुला कळवायचं काम दुसऱ्या कुणालातरी करावं लागेल.

बाबा गेल्यापासून तुला एक ओळ लिहायची नाही असं मी ठरवलं होतं आणि आजवर पाळलंही. हे पत्र कामाचं आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुला अवघडायला नको.

आमच्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी गोष्टीचा तास असतो. तो घेणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली. ग्रंथपालबाईंनी सगळ्या माणसांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी म्हटलं, "बाई, मी संदर्भ विभागाचा माणूस. माझ्याकडे लोक कोश मागायला येतात. शेंबूड पुसायला नाही."

तर बाई म्हणाल्या, "तुम्हाला आता घरी तसं काही नसतं ना?"

तसं काही म्हणजे म्हातारं माणूस. ते नसतं हे खरंच आहे, म्हणून हो म्हटलं.

पहिल्या शनिवारी मी सशाचं एक सचित्र पुस्तक नेलं. चांगलं पुस्तक आहे. खुर्चीवर बसलो, चष्मा लावला, लेखकाचं नाव सांगितलं, चित्रकाराचं सांगितलं, कितवी आवृत्ती तेही सांगितलं. तिसऱ्या पानावर मान वर केली तर एक मुलगा बुटांसकट खिडकीच्या कट्ट्यावर चढलेला, दोघी एकमेकींच्या वेण्या सोडतायत, आणि एकीने सतरंजीवर शू केलेली. आईबाप मागे भिंतीला टेकून मोबाईलमध्ये गर्क. तेवढ्यात आमचे शिपाईदादा पुस्तकांची ढकलगाडी घेऊन आत आले आणि सगळी पोरं उठून त्या ढकलगाडीच्या मागे गेली. सशाचं पुढे काय झालं हे माझं मलाच वाचावं लागलं.

मग इंटरनेट पाहिलं. तिथे कल्पनांचा नुसता पूर आहे. अंड्यांच्या खोक्याचा सुरवंट करा, कागदी बशीचा सिंह करा, मोज्याचा साप करा. प्रत्येक फोटोतली बाई हसरी आणि तिच्यासमोरची मुलं इस्त्री करून बसवल्यासारखी. ते बघूनच मला दमायला झालं. आमच्याकडे एक कात्री आहे, ती ग्रंथपालबाईंच्या खणात असते, आणि डिंक मागितला की आधी कशाला हवा ते विचारतात.

तू आयुष्यभर बालवाडी चालवलीस. निवृत्त होताना सगळं सामान घरी आणलंस हे मला माहीत आहे, कारण दाजींनी तेव्हा फोन करून तासभर तक्रार केली होती की कपाटात त्यांच्या शर्टांना जागा नाही, सगळीकडे कापडी हत्ती. त्यातलं काही पाठवता आलं तर पाठव. गाणी, चित्रं, काहीही. वापरून परत करीन.

दाजींना नमस्कार. खरं तर त्यांनाच पाठव. तिकिटं फाडता फाडता ते अख्खी बस बोलती करायचे, अठरा पोरं म्हणजे त्यांना काय.

तुझा भाऊ


१ डिसेंबर

ताईस,

खोकं पोचलं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी सगळं उपसून पाहिलं, तर फलालीनच्या फळ्याला टाचणीने लावलेला हातभर कागद निघाला. त्यावर तीन ओळी: एकच गोष्ट महिनाभर सांग. खुर्ची नको, खाली बस. गोंधळ झाला की आवाज चढवू नकोस, उतरव.

कसा आहेस, एवढं लिहायलाही जागा होती खाली. असो. मीही विचारलं नव्हतं.

फळा उत्तम आहे. कापडाचे तुकडे नुसते टेकवले की चिकटतात हे पाहून मलाच गंमत वाटली, दोनदा लावून काढून पाहिलं. प्रत्येक गोष्टीचं वेगळं तपकिरी पाकीट आणि त्यावर तुझं ठसठशीत अक्षर. मी 'बदकाची छत्री'पासून सुरुवात केली. ही गोष्ट तूच रचलीस ना? कुठल्याही सूचीत मला सापडली नाही.

गुडघे मोडून खाली बसलो, तेव्हा आपण पन्नाशी ओलांडली हे गुडघ्यांनी जाहीर केलं. पण तू म्हणालीस तसंच झालं. पहिल्या शनिवारी निम्मी पोरं ऐकत होती. दुसऱ्या शनिवारी तीच गोष्ट काढली तर मला वाटलं, कंटाळतील. कसले कंटाळतायत! बदक पुलावर यायच्या आधीच ओरडायला लागली, "आता छत्री उडणार!" मी चुकून छत्री निळी म्हटलं तर एक मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि तिने मला समजावून सांगितलं की छत्री लाल आहे, आणि असं चुकायचं नाही. हिला मी का-बाई म्हणतो. प्रत्येक वाक्यावर तिचा एक 'का' असतो. बदक का ओलं होतं? पाणी का पडतं? तुम्ही का म्हातारे? बुटांसकट चढणारा बूटवालाही आता खाली बसतो, बूट काढत नाही, पण बसतो.

आवाज उतरवायचं मात्र मला नवीन नाही. शेवटच्या वर्षात बाबांना ऐकू चांगलं यायचं, पण मोठ्याने बोललं की रडायचे. तेव्हा मी घरात कुजबुजतच वावरायचो. तुला हे माहीत असायचं कारण नाही. तू नव्हतीस.

बघ, लिहायचं नाही म्हणून ठरवलं होतं आणि लिहिलंच.

आता लिहिलंय तर पुरतं लिहितो. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू आलीस, दोन दिवस राहिलीस, आणि स्वयंपाकघरात मला म्हणालीस, "यांना सेवागृहात ठेव. भावनेच्या भरात स्वतःची वाट लावून घेऊ नकोस. मी व्यवहाराचं बोलतेय." मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, "मग माझ्याकडून अपेक्षा ठेवू नकोस." ठीक आहे, नव्हतो ठेवत. तरी पहिली तीन वर्षं तू दिवाणखान्यात पाहुण्यासारखी येऊन जायचीस. नंतरची तीन वर्षं तेही नाही. आणि बाबा गेल्याचं कळवलं तर तुझा निरोप आला, 'येऊ शकत नाही.' बस्स. कोणी शेजारी गेला असता तरी माणूस याहून चार शब्द जास्त लिहितो.

याचं उत्तर देऊ नकोस. मुलांची आणखी गाणी मात्र पाठव, बोटांची. खोक्यात होती ती दोन गाणी पोरांना पाठ झाली आहेत आणि त्यांच्या आया मला म्हणतात, घरीही तेच चालतं, जीव नकोसा झाला.

तुझा भाऊ


२१ डिसेंबर

ताईस,

बोटांची गाणी मिळाली. चालीवर म्हणायची की कशी, हे कागदावरून कळेना म्हणून तुला फोन केला. हो, मीच केला. घंटा वाजून वाजून बंद झाली. मग दाजींच्या नंबरावर केला, तर तो नंबर आता अस्तित्वात नाही म्हणे. दाजींनी फोन बंद केला यावर माझा विश्वास बसत नाही. चुकून लागलेल्या नंबरवरच्या माणसालाही ते पाऊण तास सोडायचे नाहीत. तुम्ही दोघांनी मिळून माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं असेल तर तसं सांग, म्हणजे मी उगाच घंटा वाजवत बसणार नाही.

चाली मी माझ्याच लावल्या. शिपाईदादा म्हणतात, सगळ्या शोकगीताच्या आहेत. पण पोरं म्हणतात मजेत.

मी दमलोय ताई. गोष्टीच्या तासाने नाही. तो तर आठवड्यातला एकच तास आहे जेव्हा मी दमलेला नसतो. बाकी वेळ असं वाटतं की बाबांचं करताना जो थकवा यायला वेळच मिळाला नाही, तो आता सवडीने येतोय. घरी गेलो की बाबांची खाट तशीच आहे. माणसं म्हणतात, देऊन टाक. मी हो म्हणतो आणि तिच्यावर धुतलेले कपडे ठेवतो.

जानेवारीसाठी मला नवी गोष्ट हवी. का-बाईला मांजर हवं आहे. का, ते ती सांगत नाही, हे प्रथमच. तुझ्या एका पाकिटावर सगळ्या गोष्टींची यादी होती, त्यात 'मांजर कुठे गेलं' असं आहे, पण ते पाकीट खोक्यात नव्हतं. सापडलं तर पाठव.

आणि एक. या तासाला तू एकदा यावंस असं मला वाटतं. कामाचं म्हणून म्हणतो. मी खाली बसतो, कुजबुजतो, सगळं करतो, पण तुझ्यासारखं येणार नाही ते नाहीच. एका शनिवारी ये आणि करून दाखव. रात्री माझ्याकडे राहा नाहीतर नको राहूस.

खरं सांगायचं तर कामाचं म्हणून नाही. आपल्या घरातलं जुनं काही आठवलं की ते खरंच झालं होतं का हे विचारायला मला आता तुझ्याशिवाय कुणी नाही. रागावलेलो आहे तरी तूच आहेस. ये.

तुझा भाऊ


१७ जानेवारी, शनिवार

ताईस,

येत नाहीस, हे कळलं. पत्राच्या ऐवजी पाकीट आलं, त्यावर 'मांजर' असं लिहिलेलं, आत एक अक्षर नाही. या वेळी टाचणीसुद्धा नाही.

आणि बाई माझे, मांजरही नाही!

पाकीट मी घरी उघडून बघायला हवं होतं. पण शुक्रवारी संध्याकाळी आलं, शनिवारी तसंच उचलून नेलं. मुलांना सांगून बसलो की आज मांजर. पाकिटात हात घातला तर कप निघाला. ठीक आहे, मांजर दूध पितं. मग खिडकी. मग रेडिओ. मग पंखा, चष्मा, घोंगडी. मग एका माणसाचं तोंड, भुवया आकसलेल्या. मग एक हात, त्यावर लाल गोल. मांजराचा पत्ता नाही. मी घामाघूम. अठरा जोडी डोळे माझ्याकडे.

का-बाई म्हणाली, "मांजर का नाही?"

मी म्हटलं, "हरवलंय. आपल्यालाच शोधायचंय."

तुला सांगतो, याहून चांगला तास माझा झालेला नाही. पोरांनीच गोष्ट रचली. हा माणूस आहे, त्याचं मांजर त्याला ओरबाडून पळालं, म्हणून हातावर लाल. त्याला राग आलाय म्हणून तो बोलत नाही, नुसता बोट दाखवतो. कपात बघा, नाही. घोंगडीखाली बघा, नाही. एक पसरट पांढरं काहीतरी होतं, एका बाजूला निमुळतं. मला ओळखू येईना. बूटवाला म्हणाला, "ती बदकाची होडी आहे." मी म्हटलं, बरोबर, तीच. मग आडव्या माणसाचं एक चित्र, शेजारी वळलेला बाण. "हा लोळतोय!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळीच्या सगळी पोरं सतरंजीवर लोळायला लागली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. दोन आईबापांनी मोबाईल खाली ठेवून फोटो काढण्यासाठी पुन्हा वर घेतला.

आता यांना आवरायचं कसं या विचारात मी शेवटचा तुकडा लावला. चष्मेवाली बाई, उशीवर डोकं ठेवून झोपलेली. का-बाईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "श्श. ती दमलीय." आणि सगळे गप्प झाले. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

ही कसली गोष्ट आहे ते मात्र कळव. मूळ क्रम काय? मांजर सगळ्यात शेवटी येतं का? तो तुकडा तुझ्याकडेच राहिला असेल तर पाठव, पोरांना मी पुढच्या शनिवारचा शब्द दिला आहे.

तुझा भाऊ


१८ जानेवारी, रविवार

ताई,

कालचं पत्र टाकून आलो आणि आज सकाळपासून ते परत कसं मिळवावं या विचारात आहे. मिळणार नाही. वाचशील तेव्हा माझ्यावर चीड आली तर येऊ दे.

सकाळी ते तुकडे पुसून पाकिटात भरायला घेतले. टेबलावर पुस्तकं होती, म्हणून बाबांच्या खाटेवर मांडले. एकेक करत गेलो. होडी हातात घेतली, खाटेवर ठेवली, आणि तिथे ठेवल्याबरोबर ओळखली. सहा वर्षं मी ते भांडं रोज धुतलं, ताई. दिवसातून किती वेळा बाबांच्या खाली सरकवलं. आणि फळ्यावर दिसलं तर म्हटलं, बरोबर, बदकाची होडी.

मग सगळंच दिसायला लागलं. लोळणारा माणूस लोळत नाहीये. कूस बदला, असं सांगतोय तो. तीन वर्षांच्या पोरांना कुणी बाई असं चित्र करून देत नाही. हातावरचा लाल गोल म्हणजे इथे दुखतंय. कपाच्या कडेला चहाचा डाग आहे, कापडाचा नाही, खरा. हे तुकडे मुलांच्या हाताने मळलेले नाहीत. एकाच माणसाच्या, एकाच अंगठ्याने मळलेत, सगळे उजव्या खालच्या कोपऱ्यात. आणि सगळ्यात जास्त मळलेला तुकडा भांड्याचा नाही आणि दुखण्याचाही नाही. झोपलेल्या बाईचा आहे. त्याची कड तर पार विरली आहे.

दाजी बोलत नाहीत ना? ते बोट दाखवतात.

किती दिवस झाले? तीन वर्षं? तू येईनाशी झालीस तेव्हापासून? 'येऊ शकत नाही' म्हणालीस ते हेच ना?

आणि मी तुला लिहीत होतो, दाजींना पाठव. दाजींनी फोन बंद केला यावर विश्वास बसत नाही. अठरा पोरं म्हणजे त्यांना काय. तू ते वाचत होतीस आणि मला बोटांची गाणी काढून पाठवत होतीस.

कळवलं का नाहीस, ते मला न सांगता कळलं. व्यवहाराचं बोलणारी तू. सेवागृहात ठेव म्हणणारी तू. आणि वेळ आली तेव्हा तुझ्याच्याने झालं नाही, घरातच खाट मांडलीस, आणि हे मला कोणत्या तोंडाने सांगायचं म्हणून गप्प बसलीस. अगं शहाणे! माझ्याइतका या गोष्टीतला जाणकार तुला दुसरा कोण मिळणार होता? कूस कशी बदलायची, पाठीला काय लावायचं, भांडं सरकवताना कंबर कशी वाचवायची, सगळं मला येतं. सहा वर्षं शिकलोय आणि आता कुणाच्या उपयोगाचं नाही म्हणून घेऊन बसलोय.

रागही आला, खोटं कशाला बोलू. बाबांच्या वेळी मला वाटायचं, जगात हे करणारा मी एकटाच आहे. तेव्हा तूही करत होतीस. दोघांनी दोन गावांत एकच काम केलं आणि एकमेकांना सांगितलं नाही. एक फोन केला असतास तर मला निदान तुझा राग करत बसावं लागलं नसतं. तेवढी तरी मेहनत वाचली असती.

पण ते राहू दे. मांजर तिकडे राहिलं, म्हणजे दाजींचे शब्द इकडे आले. तू पाकिटं बदललीस, ती दमून बदललीस हे मला कळतंय, मी एकदा बाबांची गोळी स्वतः घेऊन झोपलो होतो. पण चार-पाच दिवस झाले, दाजी कप कसा मागत असतील? कूस कशी मागत असतील? टपालाने पाठवलं तर आणखी तेवढेच दिवस जातील, आणि फोन तू उचलत नाहीस.

म्हणून मी घेऊन येतो. ग्रंथपालबाईंकडे रजा मागायला उद्या जातो. हे पत्र आणि मी, आधी कोण पोचतं बघू. नको म्हणायचं असेल तर दारातच म्हण.

तुझा भाऊ


२१ जानेवारी, तुझ्या स्वयंपाकघरातून

ताई,

हे डब्याला टेकवून ठेवतो, म्हणजे उठल्यावर मी कुठे दिसलो नाही तर तू घाबरायची नाहीस. मी औषधाच्या दुकानात गेलो असेन किंवा दाजींच्या खोलीत असेन. तिसरीकडे कुठे नाही.

येताना गाडीत मी बरंच काही पाठ करून आलो होतो. दार उघडल्यावर आधी काय म्हणायचं, तू काय म्हणशील, त्यावर मी काय. तू दार उघडलंस, माझ्याकडे पाहिलंस, पिशवीकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मला झोप आली आहे रे." माझं पाठांतर तिथेच संपलं. चपला काढायच्या आत तू कोचावर आडवी झाली होतीस. चष्मा मी काढून ठेवला आहे, रेडिओच्या वर.

दाजींनी मला ओळखलं. चेहऱ्याची एक बाजू हसते त्यांची. तसाच दुसरा फळा त्यांच्या उशाशी पाहिला, त्यावर तू घाईघाईने कागदाचे कप चिकटवलेले पाहिले, आणि ते सगळे पडलेलेही पाहिले. मी पाकीट उघडून सगळे तुकडे लावले. त्यांनी एवढे दिवस साठवून ठेवलेलं सगळं एका दमात मागितलं: कप, पंखा, रेडिओ, खिडकी. खिडकी उघडली तर बंद करायला लावली, बंद केली तर उघडायला. बोलायचे तेव्हाही असेच बोलायचे ना? विषय महत्त्वाचा नाही, चालू राहायला हवं.

मग त्यांनी तुझा तुकडा दाखवला, झोपलेल्या बाईचा. मला वाटलं, ताईला उठव म्हणतायत. मी उठायला लागलो तर माझा हात धरला आणि मान हलवली. पुन्हा तुकडा दाखवला, पुन्हा दाराकडे. दहा वेळा तरी. दुपारी तू पाण्यासाठी अर्धवट उठलीस तेव्हा मी त्या तुकड्याचं विचारलं, आठवतंय का, तर तू म्हणालीस, "तो मी केला होता, मी जरा पडलेय, थोड्या वेळाने हाक मारा, असं सांगायला. हे उलटाच वापरतात. सारखा तोच दाखवत राहतात. तू झोप, तू झोप. आणि कशी झोपू?" एवढं बोलून पुन्हा झोपलीस.

तर आता ऐक. कूस दोनदा बदलली. पाठ बघितली, उत्तम ठेवली आहेस, मला बाबांची एवढी चांगली ठेवता आली नव्हती. जेवण भरवलं, अर्धं माझ्या शर्टावर आहे. औषधांच्या डब्यात दुपारचा कप्पा रिकामा दिसेल, तो मी दिला आहे, परत देऊ नकोस. माझी रजा महिनाअखेरपर्यंत आहे. शनिवारच्या तासाला शिपाईदादा बसणार आहेत. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "घरी तसं काही नव्हतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, आहे. तसं आहे.

पुढचं काय करायचं ते मला माहीत नाही. मी दर महिन्याला आठवडाभर येऊ शकतो. सेवागृहाचंही बोलू, लाजू नकोस, मी टोमणे मारणार नाही. एखादा मारीन. ठरवायचं ते दोघांनी बसून ठरवू, एकटीने नाही.

आणि माझा राग गेलेला नाही. बाबा गेले तेव्हा तू नव्हतीस, आणि का नव्हतीस हे मला आता कळलं तरी तू नव्हतीसच. ते मला तुझ्याशी मोठ्याने भांडायचं आहे, बाबांचं नाव घेऊन, जमलं तर रडून. तुलाही माझ्याशी भांडायचं असेल. ते सगळं करू. पण तुझी झोप पुरी झाल्यावर.

झोप आता. आत मी आहे.

तुझा भाऊ